‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे!

समजा, तुमच्या शाळेतील संगणकाचे फर्मवेअर कोणीतरी अद्ययावत केले. ‘काम यशस्वी झाले’ असा संदेश पडद्यावर आला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पंखा फिरू लागला, पुढचा छोटा दिवा लागला. पडदा मात्र काळा तो काळाच. अशा वेळी तुमच्या मनात पहिला विचार कोणता येईल? ‘फर्मवेअर बदलले आणि संगणक बिघडला!’ हाच ना?

विद्यार्थी मित्रहो, हा विचार चुकीचाच आहे असे मी म्हणत नाही. तो बरोबरही असू शकेल. माझे म्हणणे एवढेच की, तो निष्कर्ष नाही, तो केवळ एक संशय आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, ही म्हण आपण सर्वांनी पाठ केलेली असते. पण प्रत्यक्ष प्रसंग आला की फांदी आतून कुजली होती का हे न पाहताच आपण कावळ्याला शिक्षा ठोठावून मोकळे होतो! एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती तिच्यामुळे घडली असे ठरत नाही. हे पुस्तकात वाचताना फार सोपे वाटते. ते किती अवघड आहे, हे मला माझ्याच फजितीने शिकवले. ती फजिती मी तुम्हाला सांगणार आहे; पण त्याआधी फर्मवेअर म्हणजे काय हे थोडे पाहू.

संगणकाला वीज मिळते त्या क्षणी त्याची मुख्य स्मृती ही कोरी पाटी असते. आपण कोण, आपल्याला काय काय जोडले आहे, पुढचा कार्यक्रम कोठून वाचायचा, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. हे सांगणारी आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली असते. तीच फर्मवेअर. ‘बायोस’ हे तिचे जुने आणि अजूनही रूढ असलेले नाव. ती जागी झाली की प्रथम सर्व भागांची हजेरी घेते, स्मृतीची तपासणी करते, मग पडद्यावर चित्र उमटवते आणि शेवटी कारभार विंडोज किंवा लिनक्ससारख्या प्रणालीकडे सोपवते. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक आला, तेव्हा त्याचा बायोस अवघ्या ८ किलोबाइटमध्ये मावत होता. आज अनेक मदरबोर्डवर १६ मेगाबाइटची चिप असते. म्हणजे तब्बल २,०४८ पट मोठी!

जुन्या चिपमधील मजकूर बदलायचा तर बहुधा चिपच बदलावी लागे. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली आणि चिप जागेवर ठेवूनच मजकूर बदलण्याची सोय झाली. या स्मृतीत विद्युतरोधक थराच्या आड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, म्हणून वीज गेली तरी माहिती टिकते. मात्र नवीन मजकूर लिहिण्यापूर्वी जुना मजकूर गठ्ठ्यागठ्ठ्याने पुसावा लागतो. पाटी पुसून झाली आहे, नवे अक्षर उमटायचे आहे, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर संगणकाला उठवणारा कोणी उरत नाही. तेव्हा फर्मवेअरबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. २६ एप्रिल १९९९ या दिवशी ‘सीआयएच’ नावाच्या विषाणू-आज्ञावलीने कित्येक संगणकांची हीच चिप भलत्या मजकुराने भरून टाकली होती आणि ते संगणक सुरूच होईनात.

पण याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट आहे. फर्मवेअर वेगळे आणि त्यात तुम्ही करून ठेवलेली मांडणी वेगळी. घरातला जुना आचारी गेला आणि नवा आला, तर तो चहा उत्तम करील. पण तुम्हाला साखर कमी लागते हे त्याला पुन्हा सांगावे लागेल. त्याचप्रमाणे फर्मवेअर बदलल्यावर पुष्कळदा मांडणी मूळपदावर जाते. ‘आचारीच बेशुद्ध पडला’ आणि ‘आचाऱ्याला आपली आवड ठाऊक नाही’ हे दोन निरनिराळे बिघाड आहेत. पहिल्यासाठी चिप नव्याने लिहावी लागते, दुसऱ्यासाठी दहा मिनिटे पुरतात. बाहेरून मात्र दोन्हींचे लक्षण कधी कधी एकच दिसते: काळा पडदा!

आता माझी फजिती. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लंबकाच्या आंदोलनांची नोंद करणारा एक संगणक आहे. त्याला स्मृतीची नवी पट्टी बसवायची होती आणि त्यासाठी आधी फर्मवेअर अद्ययावत करा, अशी सूचना होती. एका शनिवारी दुपारी मी ते केले. मजकूर लिहून पूर्ण झाल्याचा संदेशही आला. मग संगणक बंद केला आणि झाकण उघडलेच आहे तर एकदाच सगळे उरकू, असा विचार करून आतील धूळ ब्रशने झाडली. झाडताना जुनी पट्टी काढून पुन्हा बसवली. तिच्या शेजारी नवी पट्टी बसवली. आणि वर्गाला नीट दिसावा म्हणून जुन्या मॉनिटरच्या जागी मोठा मॉनिटर नव्या केबलने जोडला. बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळा.

सोमवारी बारावीच्या मुलांचे प्रात्यक्षिक होते. मी घाबरलो आणि जे करू नये तेच केले. सात-आठ वेळा बटण दाबले, प्लग काढला, पुन्हा लावला. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना फोन केला. त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. “सर, बायोस उडालं. बोर्ड बदलावा लागेल, सुमारे आठ हजार धरा,” ते म्हणाले. मलाही ते पटले! फर्मवेअर बदलले आणि पडदा गेला, आणखी पुरावा कशाला हवा?

त्या वेळी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिची प्रयोगवही न्यायला आली होती. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि संकोचाने म्हणाली, “सर, एका वेळी एकच राशी बदलायची असं तुम्हीच सांगता ना? मग आज किती बदलल्या?”

मला अक्षरशः शरमल्यासारखे झाले. लंबकाची लांबी बदलताना गोळ्याचे वस्तुमान तेच ठेवा, असे मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. फळ्यावर मोजून लिहिले: फर्मवेअर, जुन्या पट्टीची काढघाल, नवी पट्टी, मॉनिटर आणि त्याची केबल. एका दुपारी चार बदल आणि दोष मात्र एकट्या फर्मवेअरच्या माथी!

मग आम्ही दोघे शास्त्राला धरून बसलो. प्रथम कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबली. हा फार साधा आणि फार बोलका प्रयोग आहे. त्या कळीचा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. संगणकाने सांगितले तरच तो लागतो. तो लागत-विझत असेल, तर संगणक जिवंत आहे आणि दोष मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आमचा दिवा लागला नाही. म्हणजे अडचण त्याच्या अलीकडे होती.

मग मदरबोर्डकडे पाहिले. हल्लीच्या अनेक मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, स्मृती, चित्र आणि पुढील प्रणालीची सुरुवात, अशा चार टप्प्यांचे. तपासणी जेथे अडते, तेथला दिवा लागून राहतो. आमच्या बोर्डावर प्रोसेसरचा दिवा लागून विझत होता आणि स्मृतीचा दिवा लागून राहत होता. माहितीपुस्तिका उघडून पाहिली आणि लख्ख प्रकाश पडला! एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचे हे काम फर्मवेअरच करीत होते. ज्याला आम्ही मृत ठरवले होते तोच साक्षीदार मघापासून आम्हाला खूण करून सांगत होता, ‘मी जागा आहे, स्मृती पाहा!’

संगणकाचा प्लग काढून नवी पट्टी बाहेर काढली. जुनी पट्टी पाहिली, तर तिचे एक टोक खाचेत पुरते बसलेच नव्हते. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती दाबली. बटण दाबले. स्मृतीचा दिवा विझला. आता कॅप्स लॉकचा दिवाही लागू-विझू लागला. आणि पडदा? काळाच!

या ठिकाणी, मित्रहो, क्षणभर थांबा. आम्ही नुसत्या पडद्याकडेच पाहत असतो, तर काय म्हटले असते? ‘पट्टी नीट बसवूनही उपयोग झाला नाही, म्हणजे दोष पट्टीचा नव्हता.’ आणि बरोबर केलेला उपाय आम्ही चुकीचा ठरवला असता. दोन दोष एकावर एक बसले की असेच होते. एकसरीत जोडलेल्या मंडलात दोन ठिकाणी तार तुटली असेल, तर एक तुटलेली जागा जोडूनही दिवा लागत नाही. अशा वेळी दिव्याकडे पाहत बसून भागत नाही. व्होल्टमीटरचे एक टोक घटाच्या ऋण अग्राला ठेवून दुसरे टोक धन अग्रापासून पुढे एकेका सांध्यावर सरकवावे लागते. ज्या सांध्यानंतर वाचन नाहीसे होते तेथे पहिला दोष. आमच्या दृष्टीने ते चार दिवे आणि कॅप्स लॉक हाच व्होल्टमीटर होता.

आता दोष मॉनिटरच्या वाटेवर आहे हे उघड झाले. शोध घेतला तेव्हा कळले की नवी केबल मी मदरबोर्डच्या खाचेला जोडली होती. आमच्या संगणकात चित्रासाठी वेगळे कार्डही आहे. पूर्वी एका सहकाऱ्याने दोन्ही खाचा चालू राहतील अशी मांडणी करून ठेवली होती. फर्मवेअर बदलताच ती मांडणी मूळपदावर गेली आणि चित्र केवळ कार्डाच्या खाचेतून बाहेर पडू लागले. केबल तिकडे लावली आणि पडदा उजळला. सगळे मिळून चाळीस मिनिटे गेली, आणि खर्च शून्य. शेवटी नवी पट्टी एकटी, स्वतंत्रपणे बसवून पाहिली. तीही बिनतक्रार चालली.

तर मग दोषी कोण? कावळा की फांदी? उत्तर असे की, पहिल्या दोषाशी फर्मवेअरचा काही संबंध नव्हता. दुसऱ्यात थोडा होता, पण ते बिघडल्यामुळे नव्हे. ‘बायोस उडालं’ हे निदान दोन्ही अर्थांनी चूक होते आणि त्यावर विश्वास ठेवला असता, तर एक धडधाकट मदरबोर्ड कचऱ्यात गेला असता. निसर्गातील खरी उत्तरे बहुधा अशीच अर्धी-मुर्धी आणि गुंतागुंतीची असतात. म्हणूनच ती तपासून काढावी लागतात.

असे तपास किती कठीण परिस्थितीत करता येतात, याचे एक भव्य उदाहरण अगदी अलीकडचे आहे. १९७७ साली उडालेले व्हॉयेजर-१ हे यान १४ नोव्हेंबर २०२३ पासून अर्थहीन अंक पाठवू लागले. यान तेव्हा २४ अब्ज किलोमीटरांहून दूर होते. संदेश जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ दोन दिवस! तेथे बटण पुन्हा पुन्हा दाबण्याची सोय नव्हती. शास्त्रज्ञांनी आधी काय चालू आहे ते पाहिले. यान आज्ञा पाळत होते, लहरी येत होत्या. म्हणजे दोष माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकात असावा. मार्च २०२४ मध्ये त्यांनी एक खास आज्ञा पाठवली. तिच्या उत्तरात त्या संगणकाच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल हाती आली आणि तिचा सुमारे ३ टक्के भाग खराब झाल्याचे व मूळ एका चिपमध्ये असल्याचे कळले. मग तेथील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीत इतरत्र बसवण्यास सुरुवात झाली, आणि २० एप्रिलला यानाच्या प्रकृतीची वाचता येईल अशी माहिती पाच महिन्यांनी प्रथमच आली. त्यांच्यापाशी जे होते, आणि त्या शनिवारी माझ्यापाशी जे नव्हते, ते म्हणजे धीर आणि वही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काय कराल? प्रथम थांबा. फर्मवेअर बदलल्यानंतर संगणक एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू होऊ शकतो आणि नव्या प्रकारची स्मृती जुळवून घ्यायला काही मिनिटेही घेऊ शकतो. तेवढ्यात प्लग ओढू नका. मॉनिटरला वीज आहे का, त्यावर योग्य खाच निवडली आहे का, केबल कोठे लावली आहे, हे पाहा. कॅप्स लॉक दाबा. बोर्डावरील दिवे पाहा, ‘बीप’ ऐका. नंतर शिक्षकांच्या किंवा घरातील जाणत्यांच्या देखरेखीखाली प्लग काढून, मांडणी टिकवणारा नाण्याएवढा ३ व्होल्टचा घट काही मिनिटे बाहेर ठेवा, म्हणजे मांडणी मूळपदावर येईल. तरीही यश नाही, तर एकच स्मृतीपट्टी ठेवा, बाकी अनावश्यक जोडण्या काढा आणि एकेक परत लावा. एवढे करूनही जीव दिसला नाही, तरच फर्मवेअरवर बोट ठेवा. त्यावरही इलाज आहे: काही बोर्डांवर पेन ड्राइव्हमधून चिप पुन्हा लिहिण्याचे बटण असते, काहींवर राखीव चिप असते. एक मात्र पक्के लक्षात ठेवा: वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक असतो.

आता माझे मुख्य म्हणणे, आणि ते तुमच्या शिक्षकांसाठीही आहे. आपल्या प्रयोगशाळेत सर्व काही चालू स्थितीत मांडून ठेवलेले असते. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही की विद्यार्थी हात वर करतो, “सर, हे चालत नाही,” आणि मामा त्याला दुसरे उपकरण आणून देतात. काटा का हलला नाही हे पाहण्याची त्याला गरज पडत नाही, कारण त्याला गुण नाहीत! बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाला आहेत. त्यांतील पाच गुण तरी दोष शोधण्याला असावेत, असे मला वाटते. मंडलात मुद्दाम एक सैल स्क्रू ठेवावा, एखादी तुटलेली तार ठेवावी. आणि गुण दोष सापडण्याला नव्हे, तर तो कसा शोधला याच्या नोंदीला द्यावेत.

‘वेळ कोठे आहे?’ असे शिक्षक म्हणतील. ‘मुले वस्तू मोडतील’ असेही म्हणतील. या अडचणी मी स्वतः रोज अनुभवतो. पण यासाठी संगणक कशाला हवा? बंद पडलेली एक विजेरी पुरे. घट, बल्ब, बटण, स्प्रिंग. चार संशयित आणि एक तास. परीक्षा मंडळ नियम बदलेपर्यंत आपणही थांबावे असे कोठे आहे?

आणि तुम्ही, विद्यार्थी मित्रहो, आजपासून एक छोटी वही करा. घरात काही बंद पडले, मग तो संगणक असो, मिक्सर असो वा सायकलचा दिवा असो, तर तिच्यात तीन रकाने आखा: काय बदलले, काय दिसले, त्यावरून काय ठरले. एका ओळीत एकच बदल. तिसरा रकाना पहिल्या दोहोंआधी भरायचा नाही, एवढाच नियम.

त्या शनिवारी फळ्यावर लिहिलेली चार बदलांची यादी मी अजून पुसलेली नाही. सोमवारी बारावीच्या मुलांनी विचारले, “सर, हे काय?” मी सांगितले, “माझी चूक. उतरवून घ्या.”